समित्यांची संसद आणि चाकूरकरांचा वारसा

मध्यममार्गी लोकप्रतिनिधीचे मोल ठरवायचे, तर त्याने सभागृहाच्या कामकाजाला कोणती शिस्त लावून दिली हे पाहावे लागते. या कसोटीवर लातूरच्या शिवराज पाटील चाकूरकर यांची कारकीर्द नव्याने अभ्यासण्याजोगी आहे. लातूरचे नगराध्यक्षपद आणि महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षपद भूषवून १९८० साली लोकसभेत गेलेल्या चाकूरकरांना लातूरने १९९९ पर्यंत सलग सात वेळा निवडून दिले.

१९९१ ते १९९६ या काळात ते लोकसभेचे अध्यक्ष होते. नरसिंह राव सरकारपाशी आरंभी स्वतःचे बहुमत नव्हते, अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्याने देश दुभंगला होता आणि जुलै १९९३ मधील अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. अशा तापलेल्या वर्षातच, एप्रिल १९९३ मध्ये, विभागनिहाय १७ स्थायी समित्यांची पद्धत सुरू झाली. प्रत्येक समितीत लोकसभेचे ३० आणि राज्यसभेचे १५ सदस्य असत. मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या आणि पाठवलेली विधेयके तपासणे, अधिकाऱ्यांची व तज्ज्ञांची साक्ष घेणे हे या समित्यांचे काम. त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे सदस्याला पक्षाच्या चौकटीबाहेर येऊन विरोधकाचा मुद्दा मान्य करण्याची मोकळीक मिळते. ही पद्धत एकट्या अध्यक्षांची निर्मिती नव्हती. तरीही तिला सर्व पक्षांची संमती मिळवण्यासाठी चाकूरकरांसारख्या संयमी अध्यक्षाची गरज होती.

हाच संयम कार्यकारी पदावर अपुरा ठरला, हेही नमूद केले पाहिजे. २००४ मध्ये लातूरमधून पराभूत होऊनही ते केंद्रीय गृहमंत्री झाले आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. परंतु तत्काळ निर्णय मागणाऱ्या मंत्रिपदातील अपयशाने सर्वांना बोलू देणाऱ्या अध्यक्षपदातील कार्य पुसले जात नाही.

समित्यांचे हे मोल इतरत्रही दिसते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मांडलेले विधेयक सर्वसाधारणपणे प्रथम समितीकडे जाते, म्हणूनच तिथल्या मध्यममार्गी सदस्याला तडजोड घडवण्याची जागा मिळते. आपल्याकडे मात्र विधेयक समितीकडे पाठवणे बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेच्या काळात हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर घसरले.

समित्या अशा बाजूला पडल्याची झळ नांदेड जिल्ह्यातील देगलूरसारख्या सीमेवरील तालुक्याला थेट पोहोचते. महाराष्ट्र आणि तेलंगणाचा संयुक्त लेंडी सिंचन प्रकल्प दशकानुदशके रेंगाळला आहे; दोन राज्ये आणि भिन्न पक्ष यांना एकत्र बसवून हिशेब मागण्याचे काम घोषणांनी होत नाही, ते समितीच्या टेबलावरच होऊ शकते. म्हणून प्रत्येक महत्त्वाचे विधेयक समितीकडे पाठवण्याचे बंधन नियमांत घातले जावे, आणि मराठवाड्यातील खासदारांनी ही मागणी पक्षभेद बाजूला ठेवून लावून धरावी. चाकूरकरांचे नाव घेणाऱ्या प्रत्येक पक्षाचे ते कर्तव्य आहे.