रू मेली तेव्हा कोण रडले?



मारामारीची, रक्तपाताची पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत का, असा प्रश्न घरोघरी पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण पुस्तकात काय लिहिले आहे एवढेच पाहून भागत नाही. वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून काय लिहिलेले आहे, तेही पाहावे लागते. अमेरिकेतल्या एका पुस्तकाने आणि त्यावरच्या सिनेमाने ही गोष्ट अशी उघडी पाडली की ती आपण सर्वांनी समजून घ्यावी.

पुस्तकाचे नाव 'द हंगर गेम्स', म्हणजे भुकेचे खेळ. लेखिका सुझान कॉलिन्स. पहिला भाग २००८ साली आला, दुसरा २००९ साली आणि तिसरा २०१० साली. टीव्हीवर चॅनेल बदलत असताना एकीकडे बक्षिसासाठी झुंजणारी तरुण मुले आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्ये दिसली, आणि त्यातून ही कथा सुचली, असे लेखिकेने सांगितले आहे.

कथा पुढच्या काळातली आहे. पॅनेम नावाचा देश. मध्ये कॅपिटॉल ही श्रीमंत राजधानी आणि तिच्या भोवती राबणारे बारा जिल्हे. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केले होते, त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडायची. या २४ मुलांना एका बंदिस्त रानात सोडायचे. त्यांनी एकमेकांना मारायचे आणि जो एक उरेल तो जिंकला. हे सारे घरोघरी टीव्हीवर दाखवायचे आणि लोकांनी ते पाहायचे.

चिठ्ठ्या सर्वांच्या टाकतात, म्हणजे न्याय सर्वांना सारखा, असे वाटेल. पण मेख पुढे आहे. ज्या घरात खायला नाही, त्या घरच्या मुलाने आपल्या नावाची एक चिठ्ठी जादा टाकली तर एका माणसापुरते वर्षाचे धान्य आणि तेल मिळते, तेही जेमतेम. जादा चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. तिचे वडील कोळशाच्या खाणीतल्या स्फोटात गेले. आई आणि धाकटी बहीण यांच्या पोटासाठी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झाल्या आहेत. तिचा मित्र गेल याच्या बेचाळीस. खात्यापित्या घरच्या मुलाच्या चिठ्ठ्या त्या मानाने थोड्याच. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. कायदा सर्वांना एक, पण त्याची किंमत मोजतो गरीब.

नेमकी चिठ्ठी निघते ती बारा वर्षांच्या धाकट्या प्रिमची. तिची तर एकच चिठ्ठी होती. कॅटनिस पुढे होते आणि म्हणते, तिच्याऐवजी मी जाते.

रानात तिला अकराव्या जिल्ह्याची रू भेटते. तीही बाराच वर्षांची, सहा भावंडांत थोरली. तिच्या जिल्ह्यात सगळे शेतावर राबतात. पण पिकवलेले खाल्ले तर सर्वांसमोर चाबकाचे फटके बसतात. ही मुलगी झाडावरून झाडावर उड्या मारते, गाणे तिला सर्वांत प्रिय आहे. कॅटनिसला तिच्यात आपली प्रिम दिसते. दोघी मिळून लढतात, आणि एक दिवस रू भाल्याने मारली जाते. कॅटनिस तिच्यासाठी गाणे म्हणते आणि तिचा देह फुलांनी सजवते. अकराव्या जिल्ह्याचे उपाशी लोक कॅटनिससाठी एक पाव पाठवतात. एका जिल्ह्याने दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला दिलेली ती पहिली भेट. हे पान वाचून लाखो मुले रडली.

मार्च २०१२ मध्ये यावरचा सिनेमा आला. दिग्दर्शक गॅरी रॉस. रूची भूमिका केली अमांडला स्टेनबर्ग या तेरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने. 'अमांडला' म्हणजे सत्ता, ताकद. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषविरोधी लढ्यात हीच घोषणा होती. पुस्तकावर प्रेम करणाऱ्या काही वाचकांनी पडद्यावर तिला पाहिले आणि ते चिडले. ट्विटरवर त्यांनी उघड लिहिले की रू काळी कशी? आम्ही तर सोनेरी केसांची निरागस मुलगी मनात धरली होती. काहींनी तर असेही लिहिले की ती काळी आहे हे कळल्यावर तिच्या मरणाचे तेवढे वाईट वाटले नाही. दुसऱ्या एका वाचकाने या नोंदी एकत्र करून लोकांसमोर ठेवल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. त्या लिहिणाऱ्यांना खडसावणारे वाचकही पुष्कळ निघाले, हेही सांगितले पाहिजे.

आता गंमत पाहा. रूचा वर्ण गडद तपकिरी आहे, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. सिनेमा येण्याच्या आधी, २०११ सालीच, लेखिकेनेही मुलाखतीत ते सांगितले होते. मग वाचकांना ते दिसले का नाही? रूची चण आणि वागणे प्रिमसारखे आहे, असे कॅटनिस म्हणते. प्रिम गोरी, सोनेरी केसांची. वाचकांनी प्रिमचा चेहराच उचलला आणि रूला चिकटवला. निरागस मूल म्हटले की ते गोरेच असणार, हे मनात इतके घट्ट बसलेले होते की छापलेला शब्दही पुसला गेला. इबनी एलिझाबेथ थॉमस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने २०१९ साली कथा-सिनेमांतल्या काळ्या पात्रांवर पुस्तक लिहिले. त्यात रूवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे.

आपल्याला हे कळायला अमेरिकेत जायला नको. हुशार, नीट बोलणाऱ्या मुलाचे कौतुक चाललेले असते. मग कोणीतरी आडनाव विचारते आणि समोरच्याचा चेहरा बदलतो. मूल तेच, मार्क तेच, फक्त कौतुक आटते. पण बोट दाखवताना आपलेही घर पाहावे. समतेच्या सभेला जाणारे आपण, वधू-वर सूचीत मात्र 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' असे छापतो. सावळ्या लेकीला आत्या-मावश्या हळद-बेसन लावायला सांगतात. त्या मुलीने पुस्तक उघडले तर तिच्या मनातली राजकन्या कोणत्या रंगाची असेल?

या पुस्तकाविरुद्ध पालकांच्याही तक्रारी झाल्या. अमेरिकन ग्रंथालय संघटना दरवर्षी सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी काढते. त्यात ही मालिका २०१० साली पाचवी आणि २०११ साली तिसरी होती. हिंसेचा आक्षेप समजू शकतो. पण २०११ च्या आक्षेपांत 'कुटुंबविरोधी' हाही एक होता! बहिणीसाठी मरण पत्करणाऱ्या मुलीची कथा कुटुंबविरोधी कशी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

याच मालिकेला आशिया खंडात वेगळे वाचक-प्रेक्षक भेटले. कॅटनिसच्या जिल्ह्यात तीन बोटे ओठांना लावून हात उंचावण्याची जुनी रीत आहे. मान, आभार आणि प्रिय माणसाचा निरोप, असा तिचा अर्थ. सिनेमात रू मेल्यावर कॅटनिस ही तीन बोटे उंचावते आणि तिकडे अकराव्या जिल्ह्यात बंड पेटते. थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा तरुण रस्त्यावर याच तीन बोटांनी उभे राहिले. काहींनी त्यांचा अर्थ स्वातंत्र्य, समता आणि बंधुता असा सांगितला. सरकारने अटकेची धमकी दिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधानांसमोर हात उंचावणारे पाच विद्यार्थी पकडले गेले. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा दवाखान्यांतल्या डॉक्टर-परिचारिकांनी हीच खूण केली. २६ फेब्रुवारीला त्या देशाचे राजदूत क्यॉ मो तुन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सभेत भाषण संपवताना तीन बोटे उंचावली. साऱ्या जगाने ते पाहिले.

सिनेमा एक, पात्र एक. एका प्रेक्षकाला रूचा रंग दिसला आणि त्याचे अश्रू सुकले. दुसऱ्याला तिच्यावरचा अन्याय दिसला आणि त्याने तुरुंगाची भीती सोडली. हा फरक पुस्तकाने केला नाही, वाचणाऱ्याच्या मनाने केला.

म्हणून माता-पित्यांना सांगणे एवढेच. पुस्तक काळोखे आहे म्हणून मुलांच्या हातून ओढू नका. वय पाहा, लहानग्यांना हे नको, पण आठवी-नववीतल्या मुलाला वाचू द्या आणि त्याच्याशी बोला. इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलाकडून गोष्ट ऐका. रात्री जेवताना विचारा, यातली मुलगी तुला कशी दिसते? कोणासाठी तुला रडू आले, आणि कोणासाठी आले नाही? का आले नाही? मूल जे उत्तर देईल त्यात पुस्तक थोडे असेल आणि आपले घर जास्त असेल. ते उत्तर शांतपणे ऐकून घ्या आणि घरात काय बदलायचे ते त्यावरून ठरवा.