फोन हिसकावू नका, पोरीचे ऐकून घ्या



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट आहे. आपल्या बीड जिल्ह्यातली, केज तालुक्याकडची, एवढेच सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही, कारण पोरगी अजून शाळेत आहे. आई-बाप कोयता घेऊन कोल्हापूरकडे कारखान्याला गेलेले. पोरगी नववीत, आजीजवळ राहिलेली. जाताना बापाने उचलीतल्या पैशातून तिला स्मार्टफोन घेऊन दिला. भावकीतले काहीजण हसले. आम्हाला मात्र त्या बापाचे कौतुक वाटले.

कारण मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपल्या वस्तीतल्या लेकरांचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. ज्याच्या घरी फोन त्याची शाळा, अशी गत होती. जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, तिचा काहींना आधार झाला. पण ज्याच्या घरी टीव्ही नाही आणि फोनही नाही, ते लेकरू शेळ्यांमागे गेले ते गेलेच. आता बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी ठिपक्यांचा छाप असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. तो 'दीक्षा' ॲपमधून फोनने टिपला की त्या धड्याचे चित्रफितीतले शिक्षण उघडते. शिकवणी लावायची ऐपत नसलेल्या घराला ही फुकटची शिकवणीच आहे. ही पोरगी विज्ञानाचे धडे असेच समजून घ्यायची.

मग एका अनोळखी मुलीच्या नावाने तिला मैत्रीची विनंती आली. पलीकडे मुलगी नव्हतीच. स्नेहसंमेलनातला तिचा फोटो घेऊन कोणीतरी तो दुसऱ्याच अंगाला जोडला आणि "आणखी फोटो पाठव, नाहीतर गावाच्या ग्रुपवर टाकतो" अशी धमकी दिली. पोरगी आठ दिवस गप्प राहिली, जेवेना. शेवटी शाळेतल्या बाईंनी विचारले, तेव्हा ती रडली.

बाईंनी बापाला फोन केला. आई उसाच्या फडातून निघते म्हणाली, तर मुकादम सोडेना. पण खरी पंचाईत आपल्याच घरातून सुरू झाली. चुलत्यांनी फोन काढून घेतला, शाळा बंद करा म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी एक स्थळही आणले. म्हणजे चोर मोकळा आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच कोंडायचे!

हे एका घरापुरते असते तर आम्ही लिहिले नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांमागे चाळीसहून जास्त जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. आई-बाप कारखान्याला गेले की मागे पोरगी सुरक्षित नाही, हे भय त्यामागे आहे. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आता त्या भयात फोनची भर पडली आहे. पण 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी लेकरांच्या लग्नाची घाई करू नका असे आपल्या आयाबायांना बजावले होते. तेव्हा आपल्याकडे घड्याळसुद्धा नव्हते. आता हातात फोन आला आणि आपण उलटे जायचे काय?

केरळातला एक निकाल आम्ही त्या चुलत्यांना सांगितला. कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी मोबाईल वापरायला बंदी होती. एका मुलीने ती मानली नाही म्हणून तिला बाहेर काढले. ती कोर्टात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला लावले आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. चुलते म्हणाले, "ते केरळ झालं, आपलं गाव वेगळं." मग आम्ही आपल्या गावाच्या कामाचे सांगितले.

पहिले म्हणजे धमकीचे काहीही पुसून टाकायचे नाही. लाज वाटून आपण आधी तेच करतो आणि पुरावा जातो. पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, समोरच्याचे खाते आणि नंबर लिहून घ्यायचा. पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो पाठवायचा नाही. दुसरे, तक्रार. आई-बाप परमुलखात असले तरी अडत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ऊसतोड्याला हा कायदा तोंडपाठ हवा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर बायका-मुलांविषयीची अशी तक्रार नाव न सांगताही करता येते. लेकरांसाठी 1098 आहे. बँकेतले पैसे गेले तर ताबडतोब 1930.

आणि "पोरीचे नाव होईल" म्हणणाऱ्यांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. अठराच्या आतल्या लेकराचे नाव, फोटो, शाळा वर्तमानपत्राला छापता येत नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. ठाण्यात पहिल्या दिवशी आम्हाला "उद्या या" म्हणाले. आम्ही कलम दाखवले आणि बसून राहिलो.

एक गोष्ट मात्र खटकली, ती सांगतोच. त्याच घरातला अकरावीतला पोरगा रात्री दोनपर्यंत फोनवर असतो. त्याला कोणी विचारत नाही. दुसऱ्याच्या बहिणीचा फोटो ग्रुपवर आला की पुढे ढकलणारेही असलेच असतात. विहारात चौथे शील आपण म्हणतो. खोटा जोडलेला फोटो पुढे पाठवणे त्यातच येते, हे पोरांना बसवून सांगायला हवे. या प्रकरणात फोटो पुढे ढकलणारी दोन पोरे आपल्याच वस्तीतली निघाली.

ते खाते बंद झाले. चौकशी चालू आहे. पोरगी परीक्षेला बसली. फोन आता आजीच्या खाटेजवळ चार्जिंगला असतो आणि पोरगी तिथेच बसून अभ्यास करते. आजीला अक्षर येत नाही, पण "हा कोण गं?" एवढे ती विचारते आणि पोरगी सांगते. पट्टा पडल्यावर आई-बाप गावी आले, तेव्हा बापाने आधी पाहुण्यांकडे जाऊन स्थळाला नकार कळवला. दहावीची पुस्तके आणायला आम्ही बरोबर गेलो होतो.