आरोळी नको, असा निरोप

मनःशांती म्हटलं की आपल्याला सकाळचा दहा मिनिटांचा ध्यानाचा तास आठवतो. (दहा मिनिटांना तास का म्हणतात, कुणास ठाऊक.) पाठ ताठ, डोळे बंद आणि शेजारचा हळूच पेंगतोय. ध्यानाबद्दल माझी तक्रार नाही. पण शांत मन कशासाठी हवं, याचं नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. अभ्यासात लक्ष लागतं, नेम चुकत नाही, राग येत नाही. म्हणजे सगळा फायदा माझाच. माझ्या मते सैनिकाच्या शांत मनाचा फायदा समोरच्यालाही झाला पाहिजे, अगदी तो शत्रू असला तरी. याचं एक उदाहरण चेन्नईच्या इतिहासातून सुरू होतं.

उच्च न्यायालयाच्या भिंतीतला 'एमडन'चा फलक आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर सुमारे सव्वाशे तोफगोळे डागले. बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, बंदरातल्या एका जहाजावरचे खलाशी मारले गेले आणि हजारो लोक घाबरून शहर सोडून गेले. आजही तमिळमध्ये खट, धूर्त माणसाला 'एमडन' म्हणतात. आमच्या वर्गातली तमिळ मुलं हा शब्द कुणासाठी वापरतात, ते इथे लिहीत नाही.

गंमत म्हणजे या नौकेचा कप्तान कार्ल फॉन म्युलर सभ्यपणासाठी प्रसिद्ध होता. पकडलेल्या जहाजांवरच्या माणसांना तो नीट वागवायचा आणि एखाद्या जहाजात बसवून सोडून द्यायचा. 'कबिंगा' जहाजातून सुटलेल्या लोकांनी निघताना एमडनचा जयजयकार केला होता. म्हणून तो संत ठरत नाही. मद्रास बंदरात मेलेल्या खलाशांच्या घरच्यांना त्याच्या सभ्यपणाचा काय उपयोग? पण मला सांगायची गोष्ट त्याची नाही, त्याला हरवणाऱ्याची आहे.

९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने एमडनला गाठलं. सिडनीच्या तोफा मोठ्या होत्या. म्युलरने मोडकी नौका बेटाच्या खडकांवर चढवली. तिचा ध्वज मात्र खाली आला नव्हता, म्हणून सिडनीने पुन्हा मारा केला. एमडनवरची सव्वाशेहून अधिक माणसं गेली. नंतर सिडनीने जर्मन जखमींना आपल्याच नौकेवर घेतलं आणि ती कोलंबोला निघाली. तिथे बंदरात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनी भरलेली जहाजं उभी होती. नव्या ऑस्ट्रेलियन नौदलाचा हा पहिलाच मोठा विजय. स्वागत कसं झालं असतं, याची कल्पना करा. पण सिडनीचा कप्तान जॉन ग्लॉसप याने आधीच निरोप पाठवला होता की नौकेवर जखमी कैदी आहेत, आरोळ्या देऊ नका. सिडनी बंदरात शिरली तेव्हा ती जहाजं शांत होती.

मला हा निरोप तोफांपेक्षा मोठा वाटतो. गोळे डागण्याचा हुकूम देणारा आणि हा निरोप पाठवणारा माणूस एकच होता. जिंकल्यावर डोकं गरम असतं, छाती फुगलेली असते. अशा वेळी आतून शांत असलेल्या माणसालाच डेकवर पडलेला दुसरा दिसतो.

आता आपल्याकडे या. इंटर-हाऊसची अंतिम फेरी संपली की जिंकलेलं हाऊस ढोल घेऊन हरलेल्यांच्या डॉर्मिटरीखाली जातं आणि पंधरा मिनिटं वॉर क्राय देतं. पुढची फेरी एमआय रूमसमोर होते. आत एखाद्याच्या ओठाला टाके घालत असतात. बाहेर पालकही मोबाइलवर शूटिंग करत असतात, तेव्हा दोष फक्त मुलांना देता येत नाही.

मित्र म्हणतात, जोश गेला तर खेळात उरलं काय? कोलंबोच्या जहाजांवरचे सैनिक बिनजोशाचे होते, असं कुणी म्हणेल का? ते तर लढाईलाच निघाले होते. मी फक्त एवढंच म्हणतो की मैदानावर घसा बसेपर्यंत ओरडा, पण एमआय रूम आणि हरलेल्यांची डॉर्मिटरी सोडून द्या. यासाठी वॉर्डन सरांचा हुकूमही नको. ग्लॉसपला वरून कुणी सांगितलं म्हणून त्याने निरोप पाठवला नव्हता. हाऊस कॅप्टनने सामन्याआधी दोन वाक्यं बोलली तरी पुरे.

बॉक्सिंगची अंतिम फेरी पुढच्या महिन्यात आहे. आमच्या हाऊस कॅप्टनला मी हे सगळं सांगितलं. त्याने एमडनची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाला, "ठीक आहे, नाही ओरडणार. पण आधी जिंकून तर दाखवा!"