सूझांची रेषा आणि 'आविष्कार' नावाची सोय

आधुनिक मानवाकृतींच्या रेखाटनाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात 'आविष्कार' हा शब्द बहुधा विचार थांबवण्यासाठीच येतो. रेषा जाड, खरबरीत वा तुटक दिसली की तिला 'उत्कट' म्हणावयाचे आणि त्या उत्कटतेचे मूळ चित्रकाराच्या चरित्रात शोधावयाचे, ही आपली रूढ पद्धत. फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४-२००२) यांच्याबाबत ती फारच सोयीची ठरते. गोव्यातील कॅथलिक बालपण, १९४५ साली जे. जे. कलाविद्यालयातून झालेली हकालपट्टी, १९४९ मधील लंडनप्रयाण, एवढे सांगितले की रेषेचा उलगडा झाला!

सूझांनी रेखाटलेली मस्तके मात्र नीट पाहावीत. डोळे कपाळापर्यंत चढलेले. चेहरा आणि मान उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीने भरलेली. युरोपीय रेखाटनपरंपरेत ही जाळी छायाप्रकाश दाखवून आकाराला गोलाई देते. सूझांच्या हाती ती टाक्यांसारखी, काट्यांसारखी पृष्ठभागावरच राहते आणि देहाच्या घनतेला विरोध करते. शिवाय ती मस्तकामागून मस्तकात, वर्षानुवर्षे परतते. भावनेच्या भरात सुटलेला हात इतका नेमस्त नसतो. ही जाणीवपूर्वक घडवलेली चिन्हव्यवस्था आहे. मर्ढेकरांचे संवाद-विरोध-समतोल हे लयतत्त्व येथे लावून पाहता आले असते. आपण ते प्रश्नपत्रिकेपुरते राखून ठेवले.

प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. मुंबईच्या सीमाशुल्क विभागाने २०२३ मध्ये सूझांच्या चार आणि अकबर पदमसी यांच्या तीन कलाकृती अडवल्या व जुलै २०२४ मध्ये त्या अश्लील ठरवून जप्त करण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे न्यायालयाला सांगावे लागले. तेही पदमसींवरील १९५४ च्या खटल्यानंतर सत्तर वर्षांनी. अधिकाऱ्याला कागदावर फक्त नग्न देह दिसला. पण त्याच रेषेला चित्रकाराच्या वासनेची कबुली समजणारा आपला समीक्षक त्याच्यापासून कितीसा दूर आहे? एक निषेध करतो, दुसरा गौरव करतो. रेषा दोघांनीही ओलांडलेली असते.

सावनेरसारख्या गावातील पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे सूझा येतो तो पोस्टाच्या तिकिटाएवढ्या छापील प्रतिमेतून. तीत जाळीचा नुसता करडा डाग उरतो, आणि त्या डागाखाली आम्ही छापलेला 'उत्कट आविष्कार' मात्र स्वच्छ वाचता येतो.