साध्या कामांचे यंत्र

अत्यंत स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास आढळते : ‘दैनंदिन साध्या कामांसाठी उत्तम.’ दुकानदारही तेच सांगतो आणि ग्राहकालाही ते पटते. त्याला चित्रपटाचे संकलन करावयाचे नसते, की यंत्रावर खेळ खेळावयाचे नसतात. चार पत्रे लिहावीत, एखादा अर्ज भरावा, अभ्यासाचे व्हिडिओ पाहावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. तथापि ही ‘साधी कामे’ नेमकी कोणती आणि ती कोणाच्या दृष्टीने साधी, याचा विचार सहसा होत नाही.

दिवसभर शिवणकाम करून रात्री दहावीचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या स्त्रीचा विचार करावा. तिची कामे मोजकीच असतात. प्रवेशअर्ज भरणे, त्यासोबतचे छायाचित्र व दाखले ठरवून दिलेल्या आकारात बसविणे, परीक्षा शुल्क भरणे, पाठ्यपुस्तकातील प्रकरण पडद्यावर वाचणे, उत्तर लिहून काढणे आणि जमलेच तर शिवणाच्या गिऱ्हाइकांचा हिशोब ठेवणे. यांपैकी एकही काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. परंतु अर्जाची मुदत संपावयास अर्धा तास उरला असताना यंत्र अडून बसले, तर हुकते ती परीक्षाच. सुखवस्तू घरात स्वस्त लॅपटॉप हे दुसरे किंवा तिसरे यंत्र असते; ते बंद पडले तर पहिले हाताशी असतेच. जी व्यक्ती काही महिन्यांची बचत मोडून सर्वांत कमी किमतीचा लॅपटॉप घेते, तिच्यापाशी मात्र तो एकुलता एक असतो. म्हणूनच ‘या किमतीत आणखी काय मिळणार?’ असे म्हणून स्वस्त यंत्राला सवलतीचे गुण देणे हा न्याय उलटा आहे. ज्याच्याजवळ दुसरे साधन नाही, त्याच्या यंत्राची पारख अधिक कठोरपणे व्हावयास हवी.

गरिबाला परवडणारा संगणक तयार करण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले आहेत. जानेवारी २००५ मध्ये दाव्होस येथील जागतिक आर्थिक मंचाच्या बैठकीत अमेरिकेतील एम.आय.टी. मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००७ च्या अखेरीस ‘एक्सओ’ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्र कारखान्यातून बाहेर पडू लागले, तेव्हा त्याची किंमत शंभराऐवजी दोनशे डॉलरच्या आसपास गेलेली होती. त्याची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती आणि साठवणुकीस केवळ १ गिगाबाइट जागा होती. आज ही आकडेवारी हास्यास्पद वाटेल. परंतु त्याची रचना ज्यांनी केली, त्यांनी ते कोणाच्या हाती जाणार आहे याचा बारकाईने विचार केला होता. भर उन्हात, उघड्यावर बसूनही त्याचा पडदा वाचता येत असे. त्याला वीज अत्यल्प लागे. धूळ व पाणी आत शिरू नये म्हणून त्याचा कळफलक सलग रबरी आवरणाचा केला होता. सर्वांत हृद्य गोष्ट अशी, की यंत्राच्या मुठीत काही जादा स्क्रू ठेवून दिलेले असत. ते उघडले जाईल, दुरुस्त होईल, स्क्रू हरवतील, हे सारे गृहीत धरलेले होते.

भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. पुढे २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका वस्तीवरील एकशिक्षकी शाळेत हे लॅपटॉप प्रायोगिक स्वरूपात देण्यात आले. परंतु देशभर त्यांचा प्रसार झाला नाही. पेरू देशाने मात्र लाखोंच्या संख्येने ते वाटले. तेथील ग्रामीण शाळांची पाहणी करून आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात भाषा व गणित या विषयांतील गुणांवर लॅपटॉपचा काहीही परिणाम आढळला नाही. यंत्र चांगले असूनही हे घडले. ते कशासाठी वापरावयाचे हे ठरविल्यावाचून नुसते हाती ठेवल्याने विद्या येत नाही, हे एखाद्या गृहिणीसही सांगावे लागू नये. पण मंत्रालयांना ते सांगावे लागते.

आपल्या देशातील प्रयत्नांची कथा वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपती येथे दहा डॉलरचा लॅपटॉप म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, ते प्रत्यक्षात लॅपटॉप नव्हतेच. ते माहिती साठविण्याचे साधन होते. त्यानंतर ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा टॅब्लेट दिल्लीत प्रकाशित झाला. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. जगातील सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याचे कौतुक झाले. त्याचा पडदा मात्र बोट जोराने दाबल्याशिवाय दाद देत नसे, बॅटरी लवकर उतरे आणि पृष्ठ उघडेपर्यंत वापरणाऱ्याचा उत्साह मावळे. पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती आली; परंतु तोवर बाजारात खासगी कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेट येऊ लागले होते. ‘एक्सओ’मध्ये आधी माणूस पाहिला गेला आणि मग किंमत वाढत गेली. ‘आकाश’मध्ये आधी किंमत ठरली आणि तिच्यात मावेल तेवढेच यंत्र तयार झाले.

आजचे अत्यंत स्वस्त लॅपटॉप बहुतांशी या दुसऱ्या वाटेने जातात. त्यांची गती ‘आकाश’पेक्षा कितीतरी अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांस विक्रीस आलेल्या ‘जिओबुक’चे वजन एक किलोग्रॅमहूनही कमी होते आणि सिमकार्ड घालून त्यावर इंटरनेट चालत असे. प्रवासात वा खेड्यात ही सोय लहान नव्हे. परंतु त्याची स्मृती ४ गिगाबाइट आणि साठवण ६४ गिगाबाइट होती. या किमतीच्या बहुतेक यंत्रांत स्मृती व साठवण यांचे भाग मुख्य फलकावरच डाखलेले असतात. ते पुढे वाढविता येत नाहीत आणि बिघडले तर सहज बदलताही येत नाहीत. विंडोज प्रणाली असेल तर ६४ गिगाबाइटपैकी मोठा वाटा ती स्वतःच व्यापते. तिच्या नव्या आवृत्त्या येत राहतात, त्यांना जागा लागते आणि दोन वर्षांत यंत्र भरून जाते. मग अर्जाचे पृष्ठ उघडले, शेजारी दाखला उघडला, त्यात बँकेचे पृष्ठ उघडले, की सारेच थबकते. ज्या कामांसाठी ते यंत्र ‘उत्तम’ होते, तीच ही कामे. येथे मुठीत जादा स्क्रू नसतात.

यावर कोणी म्हणेल, की मग लॅपटॉप हवाच कशाला? मोबाइल आहे, सेवा केंद्रे आहेत. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याला केवळ व्हिडिओ पाहावयाचे आहेत आणि वर्षातून दोनदा अर्ज भरावयाचा आहे, त्याने लॅपटॉपवर पैसे घालू नयेत, हेच योग्य. मात्र सेवा केंद्रात आपले दाखले आणि क्वचित परवलीचा शब्दही दुसऱ्याच्या यंत्रावर राहतो, ही जोखीम ध्यानात ठेवावी. मोबाइलची मर्यादा निराळी आहे. त्यावर वाचता येते, ऐकता येते, पैसेही पाठविता येतात. परंतु दोन पृष्ठांचे उत्तर विचारपूर्वक लिहावयाचे, त्यातील परिच्छेद वरखाली करावयाचा, चुका दुरुस्त करून ते पुन्हा वाचावयाचे, हे अंगठ्याने होणारे काम नव्हे. लिहिण्यासाठी दहा बोटांना जागा लागते. बडोदा, इंदूर किंवा हैदराबाद येथे राहून मराठी शिकणाऱ्यास तर या जागेचे मोल अधिक आहे. घरात मराठी बोलली जाते, शाळेत व बाजारात दुसरी भाषा चालते, आणि लिहिण्याचा सराव सुटत जातो. लॅपटॉपच्या कळांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली असली, तरी इन्स्क्रिप्ट ही प्रमाण रचना जवळजवळ प्रत्येक प्रणालीत विनामूल्य असते. डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने अशी तिची साधारण मांडणी हाताला बसावयास थोडेच दिवस लागतात. म्हणून लॅपटॉप घेताना पडद्याच्या चकाकीपेक्षा कळफलकाकडे आधी पाहिले पाहिजे. दबलेल्या, डळमळत्या कळांचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले, तरी ते मुख्य कामालाच निरुपयोगी ठरते.

तेवढ्याच पैशांत दुसरा एक मार्ग उपलब्ध असतो, पण प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेमुळे त्याकडे दुर्लक्ष होते. मोठी कार्यालये काही वर्षे वापरून आपले लॅपटॉप काढून टाकतात. ते मुळात महाग व दणकट असतात आणि त्यांचा कळफलक सहसा चांगला असतो. त्यांपैकी अनेकांची स्मृती व साठवण वाढविता येते. बॅटरी बहुधा थकलेली असते. तिचा खर्च आधीच धरावा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर त्यापुढील आवृत्ती अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स घालता येते. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली त्याच कुळातील आहे, आणि पत्रे व हिशोब यांसाठी लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते. सवय बदलावी लागते, हे खरे. परंतु जुना दणकट लॅपटॉप आणि नवा दुबळा लॅपटॉप एकाच किमतीत मिळत असतील, तर पहिल्याची निवड करणे शहाणपणाचे ठरते. मात्र पावती व हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच तो घ्यावा.

नवा घ्यावयाचा असो वा जुना, निवड वेष्टनावरील आकड्यांवरून करू नये. दुकानातच यंत्र सुरू करावयास सांगावे. त्यावर अर्जाचे संकेतस्थळ, बँकेचे पृष्ठ आणि एखादा व्हिडिओ ही तिन्ही एकाच वेळी उघडावीत आणि ती उघडी असतानाच मराठीत एक परिच्छेद टंकून पाहावा. स्मृती पुढे वाढविता येईल का आणि बॅटरी गावात बदलून मिळेल का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. एवढ्या परीक्षेस दुकानदार कुरकुर करू लागला, तर पैसे खिशात ठेवून पुढचे दुकान गाठावे.