विश्लेषण : बडोद्याच्या ‘सयाजीराव’ने इंग्लंडमधील मानाची शर्यत कशी जिंकली?

घोड्यांच्या शर्यतींवरील सट्ट्याला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्यामुळे शर्यतीच्या घोड्याचा खर्च नेमका कोण उचलतो, हा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे. एका मराठी राजाच्या विजेत्या घोड्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा वेध...

‘थरोब्रेड’ म्हणजे काय?

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा परिसराला घोडेबाजार म्हटले की आठवते ती नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. तिथे रंग, चाल, भोवरे पाहून सौदा ठरतो. थरोब्रेड घोड्याची किंमत मात्र आधी वंशावळीवर ठरते. सतराव्या-अठराव्या शतकात पूर्वेकडील नर घोडे आणि इंग्लंडमधील घोड्या यांच्या संकरातून ही जात तयार झाली.

‘सयाजीराव’ इतका महाग का ठरला?

या घोड्याचा जन्म १९४४ मधला. त्याचा पिता ‘निअर्को’ १४ शर्यतींत अपराजित होता आणि सख्खा भाऊ ‘दांते’ १९४५ च्या इंग्लिश डर्बीचा विजेता. त्यामुळे वर्षभराच्या या शिंगरासाठी बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी २८ हजार गिनी मोजल्या. तेव्हाच्या दराने ही रक्कम सुमारे ३ लाख ९० हजार रुपये होते. लिलावात एवढ्या वयाच्या घोड्यासाठी तोवर इतकी किंमत कुणी दिली नव्हती. महाराजांनी शिंगराला आपले आजोबा सयाजीराव महाराज (तिसरे) यांचे नाव दिले.

मैदानावर काय घडले?

प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग यांच्याकडे न्यूमार्केटला तो तयार झाला. १९४७ च्या ‘टू थाउजंड गिनीज’ आणि इंग्लिश डर्बी या दोन्ही शर्यतींत त्याला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. अंतर वाढले तसा त्याचा दम दिसू लागला. त्याने आयरिश डर्बी जिंकली. सप्टेंबरमध्ये, देश स्वतंत्र होऊन महिना होत असताना, डॉनकास्टरची सुमारे २,९०० मीटरची ‘सेंट लेजर’ त्याने ‘अर्बार’ला जेमतेम डोक्याच्या अंतराने मागे टाकून मारली. स्वार होते ऑस्ट्रेलियाचे एडगर ब्रिट. पुढच्या वर्षी महाराजांच्याच ‘माय बाबू’ने ‘टू थाउजंड गिनीज’ जिंकली.

निवृत्तीनंतर काय?

‘सयाजीराव’ आयर्लंडमध्ये पैदाशीसाठी ठेवला गेला. त्याची मुलगी ‘ग्लॅडनेस’ हिने १९५८ मध्ये अ‍ॅस्कॉट गोल्ड कप पटकावला. मुलगा ‘इंडियाना’ याने १९६४ मध्ये बापाचीच ‘सेंट लेजर’ जिंकली. १९६६ मध्ये ‘सयाजीराव’ मरण पावला.

मग वाद कशाचा?

ज्यांचे नाव घोड्याला मिळाले, ते सयाजीराव महाराज सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणासाठी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिलेल्या शिष्यवृत्तीसाठी ओळखले जातात. नातवाच्या काळात १९४९ मध्ये बडोद्यात विद्यापीठ उभे राहिले, हेही खरे. पण संस्थानात राजाचा खासगी खर्च आणि राज्याची तिजोरी यांतली रेषा पुसट होती. तिजोरीतून काढलेल्या मोठ्या रकमांवरून महाराज वादात सापडले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. भारत सरकारशी संबंध बिघडत गेले आणि १९५१ मध्ये सरकारने प्रतापसिंहरावांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली.

आज हा खर्च कोण करते?

राजे गेले, तशी त्यांची तिजोरीही गेली. आता घोडा पाळण्याचा खर्च मालक करतात, तर बक्षिसांचा आणि रेसकोर्सचा मोठा आधार सट्ट्यातून क्लबला मिळणारा हिस्सा हाच असतो. करामुळे अधिकृत खिडकीवरचा ग्राहक बेकायदा बुकीकडे वळेल, असा रेसिंग क्षेत्राचा आक्षेप आहे. सट्टा ही गरज नव्हे, त्यामुळे त्यावर सर्वाधिक कर योग्यच, ही सरकारची भूमिका. ग्राहक खरोखर आटला, तर पहिला फटका बक्षिसांच्या रकमेला बसेल. नंतर तो मालक, पैदास केंद्रे आणि शेवटी तबेल्यात घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारापर्यंत पोहोचेल.