चार तास, पाच दिवस, एक वर्ष

२४ मार्च २०२०, मंगळवार. जपानचे पंतप्रधान शिंजो आबे आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि टोक्यो ऑलिम्पिक लांबणीवर पडल्याचे जाहीर झाले. उद्घाटनाला तेव्हा बरोबर चार महिने उरले होते. आठवड्याभरात नवी तारीखही आली, २३ जुलै २०२१. खेळाडू, प्रायोजक, हॉटेलमालक, प्रक्षेपण कंपन्या अशा सगळ्यांना नव्याने आखणी करायला वर्षभराचा अवधी मिळाला. त्याच मंगळवारी रात्री आठ वाजता भारताचे पंतप्रधान दूरचित्रवाणीवर आले. देश २१ दिवस बंद राहणार होता आणि बंदी त्याच रात्री बारापासून लागू होणार होती. १३० कोटींच्या देशाच्या वाट्याला चार तास आले.

ही तुलना काहींना अन्यायाची वाटेल. स्पर्धा ठरवून भरवतात, साथ विचारून येत नाही. संसर्ग पसरत असताना सरकारने झटपट हलले पाहिजे, हेही मान्य. तरीही त्या मार्चचा हिशेब मांडताना वेगाइतक्याच दोन गोष्टी मोजाव्या लागतात. थांबायचे आहे हे कोणाला किती आधी कळले? आणि थांबलेल्या माणसाच्या जेवणाची, मुक्कामाची, मिळकतीची सोय कोणी लावली? महाविद्यालये, मैदाने आणि रोजचा व्यवहार या तिन्ही ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी निघाली. ज्याची पत मोठी त्याला अवधी मोठा, असाच त्यांचा साधारण क्रम लागतो.

खेळांपासून सुरुवात करू, कारण साथीचे गांभीर्य सामान्य माणसाला पहिल्यांदा पटले ते तिथे. ९ मार्चला अमेरिकेतील युटा जॅझ संघाचा बास्केटबॉलपटू रुडी गोबेअर याने वार्ताहर परिषद संपल्यावर टेबलावरच्या सगळ्या मायक्रोफोनना मुद्दाम हात लावून दाखवला. साथीची थट्टाच ती. दोनच दिवसांनी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महामारी असल्याचे जाहीर केले, आणि त्याच रात्री ओक्लाहोमा सिटीत सामना सुरू होण्याच्या बेतात असताना गोबेअरचा अहवाल बाधित आला. प्रेक्षकांना घरी पाठवण्यात आले आणि काही वेळातच एनबीएचा अख्खा हंगाम स्थगित झाला. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाली. पुरुषांची ही स्पर्धा १९३९पासून एकदाही चुकली नव्हती. वॉशिंग्टनमधील राजकारणी घोळ घालत असताना निर्णय घेतला तो खेळाच्या संघटनांनी.

सगळीकडे असे शहाणपण दिसले नाही. त्याच ११ मार्चच्या रात्री लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर माद्रिदहून आलेले सुमारे ३,००० पाहुणे प्रेक्षक अॅटलेटिकोचा सामना पाहत होते. त्यांच्या स्वतःच्या शहरात तेव्हा शाळा बंद झाल्या होत्या. तीन आठवडे आधी, १९ फेब्रुवारीला, इटलीतील बर्गामोचे हजारो रहिवासी अटलांटा संघाला पाठिंबा द्यायला मिलानच्या सान सिरो मैदानात जमले होते. पुढे बर्गामोत जे घडले त्याची छायाचित्रे जगाने पाहिली.

भारतात क्रिकेटने ४८ तासांत तीन कोलांट्या मारल्या. १२ मार्चला धर्मशाळेतील भारत-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामना पावसाने वाहून गेला, लखनौ आणि कोलकात्याचे सामने प्रेक्षकांविना होतील असे ठरले आणि १३ मार्चला ते रद्दच झाले. पाहुणा संघ तोवर लखनौला पोहोचलाही होता. वानखेडेवर २९ मार्चला सुरू होणारी आयपीएल त्याच दिवशी १५ एप्रिलपर्यंत पुढे गेली. हा १३ मार्च लक्षात ठेवण्यासारखा आहे. केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर यांना अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत घातले ते याच दिवशी, आणि ही आरोग्य आणीबाणी नव्हे असे आरोग्य मंत्रालयाने सांगितले तेही याच दिवशी.

पुढच्या वर्षभरात कोणता खेळ वाचवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हेही स्पष्ट झाले. आयपीएल सप्टेंबरात संयुक्त अरब अमिरातीत नेऊन पार पाडली गेली. रणजी करंडक मात्र २०२०-२१च्या हंगामात झालाच नाही. १९३४पासून चालत आलेल्या या स्पर्धेत पडलेला हा पहिला खंड. सामन्याच्या मानधनावर घर चालवणाऱ्या खेळाडूंना भरपाईची घोषणा ऐकायला सप्टेंबर २०२१ उजाडला. विम्बल्डनचे वागणे याच्या उलट होते. २००३च्या सार्सच्या साथीनंतर त्या क्लबने महामारीचा विमा उतरवला आणि तो चालू ठेवला. त्यामुळे २०२०ची स्पर्धा रद्द करावी लागली तरी जुलैत ६२० खेळाडूंना मिळून सुमारे एक कोटी पौंड वाटता आले. यात चमत्कार काही नाही. वाईट दिवस येऊ शकतो असे कोणीतरी आधी कागदावर लिहून ठेवले होते, इतकेच.

आणि मातीतल्या खेळांचे काय? चैत्र म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि जत्रा म्हणजे कुस्त्यांचे फड. पैलवानाचा खुराक या फडांतल्या इनामांवर बराचसा अवलंबून असतो. त्या वर्षी जत्रा भरल्याच नाहीत. जानेवारी २०२०मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीनंतर पुढची गदा उचलायला एप्रिल २०२२ यावा लागला, तोही साताऱ्यात. तमाशाचीही तीच गत. नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी येतात आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरतात. त्या व्यवहाराचा मोठा दिवस गुढीपाडव्याचा. २०२०चा गुढीपाडवा आला २५ मार्चला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. नाटकाच्या ‘नाइट’वर पैसे मिळणाऱ्या रंगमंच कामगारांचे काम त्याआधीच, मार्चच्या मध्याला थांबले होते. राज्यातील नाट्यगृहे पुन्हा उघडायला नोव्हेंबर उजाडला, आणि तीही निम्म्या खुर्च्यांसाठी.

महाविद्यालयांची कथा जरा वेगळी आहे, कारण तिथे दार बंद करणे सोपे होते. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने ६ मार्चला प्रत्यक्ष वर्ग थांबवण्याचा निर्णय घेतला. हार्वर्डने १० मार्चला विद्यार्थ्यांना १५ तारखेपर्यंत वसतिगृहे रिकामी करायला सांगितले. पाच दिवस. एवढ्या श्रीमंत विद्यापीठातही परदेशी आणि गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांपुढे जायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिलाच. पण निदान तारीख ठरलेली होती आणि दाद मागायला एक कचेरी होती.

महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्चला, होळीच्या दिवशी, पुण्यात सापडले. दुबईची सहल करून परतलेले हे दाम्पत्य. १३ तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधिमंडळात साथरोग कायदा लागू झाल्याचे सांगितले आणि मोठ्या शहरांतील चित्रपटगृहे, व्यायामशाळा, तरणतलाव बंद झाले. पाठोपाठ शाळा आणि महाविद्यालये. या टप्प्यापर्यंत राज्य सरकार पायरी पायरीने चालले होते आणि त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. घसरण सुरू झाली ती परीक्षांवरून. दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर २१ मार्चला झाला आणि त्याच दिवशी २३ तारखेचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला गेला. १२ एप्रिलला तो रद्द झाला. १७ लाखांहून अधिक मुलांना भूगोलाचे गुण मिळाले ते इतर विषयांच्या सरासरीने. घरोघरी त्यावर विनोद झाले, पण तोडगा लवकर निघाला आणि सगळ्यांना सारखाच लागू झाला.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला तेवढेही नशीब लाभले नाही. राज्य सरकार म्हणाले, परीक्षा नाही. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोग म्हणाला, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निकाल लागला : राज्याला तारीख पुढे मागता येईल, पण परीक्षेविना उत्तीर्ण करता येणार नाही. ऑक्टोबरात बहुतेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्न मोबाइलच्या पडद्यावर टाकून परीक्षा उरकल्या. मधले पाच-सहा महिने नोकरी हातात आलेली पोरे गुणपत्रिकेच्या प्रतीक्षेत होती. दोन सरकारांच्या भांडणात त्यांचे वय मात्र थांबले नव्हते.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांची परवड तर पुण्याच्या नव्या पेठेत, सदाशिव पेठेत उघड्या डोळ्यांनी दिसली. कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी आणि अभ्यासिकेत बसणारी ही मुले. एप्रिल २०२०ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आधी सप्टेंबरात, मग ऑक्टोबरात, मग १४ मार्च २०२१ला ढकलली गेली. मधल्या काळात आरक्षणाच्या वादाचीही भर पडली. आणि ११ मार्च २०२१ला, म्हणजे महामारीच्या घोषणेला बरोबर वर्ष होत असताना, परीक्षा तीन दिवसांवर आली असताना राज्य लोकसेवा आयोगाने ती पुन्हा पुढे ढकलली. मुले रस्त्यावर उतरली. मग मात्र चक्रे फिरली आणि २१ मार्चला परीक्षा झाली. पहिल्या वर्षीचा गोंधळ अननुभवाच्या खात्यावर टाकता येतो. दुसऱ्या वर्षीचा कोणत्या खात्यावर टाकायचा?

रोजच्या जगण्यावरचा पहिला घाव मात्र विषाणूने घातलेला नव्हता. राज्यात एकही रुग्ण नसताना, फेब्रुवारीतच, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा मोबाइलवरून पसरली आणि कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले. मार्चच्या मध्यापासून परदेशाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला जाऊ लागला. असे शिक्केवाले प्रवासी पालघरला गाडीतून उतरवले गेले तेव्हा शिक्का म्हणजे गुन्हा, असा समज पसरायला वेळ लागला नाही. २२ मार्चला जनता संचारबंदीच्या संध्याकाळी थाळ्या वाजल्या आणि त्या मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल बंद झाली. सर्वसामान्यांना तिच्यात पुन्हा पाय ठेवायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला.

रेल्वे आधी थांबली आणि टाळेबंदी दोन दिवसांनी आली. म्हणजे गावी जायचा रस्ता आधी बंद झाला, आणि इथे काम उरणार नाही हे नंतर कळले. मोफत धान्याची केंद्राची घोषणा त्यानंतर दोन दिवसांनी, २६ मार्चला झाली. ते धान्य रेशनकार्डावर मिळायचे, आणि परप्रांतीय मजुराचे कार्ड असते गावी. राज्याने शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली. तो चांगला निर्णय होता, पण गरज तिच्या आवाक्यापलीकडची होती. बंदीची मुदत आधी १४ एप्रिल, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे अशी सरकत गेली आणि प्रत्येक तारखेला मजुरांची आशा वाढून पुन्हा खचली. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी निघालेले ते मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने चालत होते.

पश्चिम महाराष्ट्रात लाखाहून अधिक ऊसतोड कामगार अडकले होते. गाळप चालू ठेवायचे असल्याने त्यांना टाळेबंदी नव्हतीच. कोयता थांबला नाही, फक्त घरी जाणे थांबले. १७ एप्रिलला वैद्यकीय तपासणी करून त्यांना परत जायची परवानगी मिळाली. तोवर त्यांच्या राहण्याजेवणाची जबाबदारी सरकारने कारखान्यांवर टाकली होती. अंमलबजावणी कमीजास्त झाली असेल, पण पोसण्याची जबाबदारी नाव घेऊन सोपवता येते, एवढे त्यातून सिद्ध होते.

टाळेबंदीच चुकीची होती असे म्हणणे हा आज सोपा शहाणपणा ठरेल. २४ मार्चला देशात सुमारे ५०० रुग्ण होते, चाचण्या तोकड्या होत्या, इटलीतील दृश्ये समोर होती. कोणतेही सरकार घाबरले असते. पण १३ ते २४ मार्च हे अकरा दिवस हाताशी होते. रुग्णालये सज्ज करण्याबरोबरच गाड्यांचे वेळापत्रक, मजुरांच्या याद्या, धान्याचे वाटप आणि परीक्षांचा पर्यायी आराखडा या कामांना त्याच दिवसांत हात घालता आला असता.

ही कामे कोणाच्या डोक्यात आली नाहीत, कारण ती कोणाच्या कर्तव्यात लिहिलेली नव्हती. ज्या साथरोग कायद्याने सगळे थांबवले गेले तो १८९७चा, प्लेगच्या काळातला. त्यात मूळ कलमे चार. सरकारला हवे ते उपाय करण्याची मुभा, ते न पाळणाऱ्याला शिक्षा, आणि अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. अडकलेल्या माणसाविषयी त्यात एक ओळ नाही. २०२०मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती गरजेची होती, पण पुरेशी नव्हती. फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात या कायद्यातील त्रुटी दाखवून दिल्या आहेत.

दिल्लीची वाट पाहण्याचे कारण महाराष्ट्राला नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे आणि केरळने २०२३मध्ये स्वतःचा सार्वजनिक आरोग्य कायदा केलाही. महाराष्ट्राच्या कायद्यात किमान चार कलमे हवीत. वाहतूक बंद करण्याआधी ठरावीक तासांची पूर्वसूचना आणि परतीच्या जादा गाड्या. बंदीच्या पहिल्या दिवसापासून, कार्ड कुठलेही असो, शिजवलेले अन्न आणि शिधा. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा पर्यायी आराखडा प्रत्येक विद्यापीठाने दर वर्षी जूनमध्ये जाहीर करण्याचे बंधन. आणि रोजंदारीवर, ‘नाइट’वर, सुपारीवर जगणाऱ्यांची नोंद ठेवून त्यांच्यासाठी राज्याच्या खर्चाने विमा. या विधेयकासाठी विधिमंडळाची संयुक्त समिती नेमली गेली तर तिने साक्षीला केवळ सचिव आणि डॉक्टर बोलावू नयेत. नारायणगावचे फडमालक, बीडचे ऊसतोड मुकादम, जालन्याचे कारखानदार आणि नव्या पेठेतील उमेदवार यांचेही म्हणणे मसुदा पक्का होण्याआधी नोंदवून घ्यावे.